तेरावं पान

मोंब्रेल, १२ सप्टेंबर १९७७

प्रिय फिर्मां,

तुझं पत्र मिळालं. चार पानांचं. त्यातली तीन पानं शेजारच्या लेओपोलच्या कबुतरांवर. कुठलं कबुतर किती मिनिटांत घरी परतलं हे कळून मी काय करू? तू स्वतः कधी परतणार, त्यावर एक ओळ नाही. असो. कमरेचं हाड सांधलं, लेक-जावई नीट बघतात, वर रूबेसारखं मोठं शहर आणि लेओपोलसारखा दोस्त. माणसाला आणखी काय लागतं!

इकडे आम्हीही काही सुतकात बसलेलो नाही. तू गेलास तेव्हा गुरुवारच्या जेवणाला अकरा उरलो होतो, ते जूनपासून पुन्हा बारा झालो. इपोलित नावाचे गृहस्थ आलेत, मेत्सचे. जन्मभर रेल्वेत वेळापत्रकं आखली. बायको गेल्यावर पेन्शन घेऊन सरळ आपल्या गावात. जुन्या मास्तरांचं घर घेतलंय. का आलात म्हणून विचारलं तर म्हणाले, बायकोने एकदा गाडीच्या खिडकीतून हे गाव पाहिलं होतं, तिला आवडलं होतं. झालं, एवढंच.

माणूस सज्जन, पण गावात रुळायची फार घाई. सकाळी सगळ्यांशी हात मिळवतात, आणि जरा बाहेर जाऊन आले की पुन्हा पहिल्यापासून सुरू. महापौरांच्या बायकोला गालाला गाल लावून नमस्कार केला तो मेत्सच्या हिशेबाने चारदा. आपल्याकडे दोनावर आटपतं, त्यामुळे ती वळली होती, आणि तिसरा मुका तिच्या कानाला गेला. पहिल्याच गुरुवारी तर त्यांनी चीजचं नाक कापलं. मधलं मऊ टोक सगळंच्या सगळं स्वतःच्या ताटात. सगळे सुर्‍या खाली ठेवून त्यांच्या ताटाकडे बघायला लागले. मग मीच त्यांना सांभाळून घेतलं. ते माझ्याच शेजारी बसतात. आमचं छान जमतं.

एक काम आहे. रोझलीनबाई म्हणते, त्यांनाही जेवणाचा रुमाल गुंडाळून ठेवायची, नाव कोरलेली लाकडी कडी हवी. माणूस तीन महिने तिच्या खाणावळीत जेवतोय आणि तोंड पुसायला खिशातला रुमाल काढतो, हे बरं दिसत नाही. भिंतीवरच्या बाराही कड्या तू कातलेल्या, तेव्हा दुसऱ्या कुठल्या कातार्‍याकडे जायचं? नाव इपोलित. अक्षरं जरा गोलसर ठेव, माणूस तसाच आहे.

तुझा,
आन्सेल्म


रूबे, १९ सप्टेंबर १९७७

प्रिय आन्सेल्म,

तुमचं छान जमतं हे वाचून फार आनंद झाला. इतका, की बेर्नादेतने केलेलं कांद्याचं सूप मी तसंच ठेवलं आणि तिने डॉक्टरांना फोन केला.

कडी होणार नाही. माझी बोटं सुजलीत. लेथ तिकडेच विकून आलो, तुझ्यासमोर. शिवाय मला एक सांग, तिकडे भिंतीवर खुंट्या किती? बारा. मी मोजून ठोकल्या, तू खालून शिडी धरली होतीस आणि सगळा वेळ ओरडत होतास की वाकडी जातेय. मग तेरावी कडी टांगणार कुठे? आणि टेबलाला तेरावं पान आपल्याकडे कुणी मांडत नाही. एक्कावन्न साली हसतहसत मांडलं आणि आपल्या नोटरीने पुढचा उन्हाळा पाहिला नाही. म्हणजे हिशेब सरळ आहे. एक आत तर एक बाहेर. माझी कडी उतरवलीत ना? उतरवली असेल तर तसं सांग. मी लहान मूल नाही.

आणि 'शेजारी' म्हणजे माझ्या खुर्चीत, तेही न विचारता समजलं. दुसरीकडे बसून उपयोग काय? तुझ्या डाव्या कानाचं ऐकणं खाणीतल्या सुरुंगाने नेलं त्याला एकोणचाळीस वर्षं झाली. मरेपर्यंत कुणाला सांगायचं नाही म्हणून तू माझ्याकडून शपथ घेतलीस. बिचार्‍या तुझ्या बायकोलाही शेवटपर्यंत वाटायचं की तू तिच्यावर रुसलास. तेव्हापासून मी तुझ्या उजवीकडे बसतो. पाद्रीबुवा हळू बोलले की तुला पुन्हा सांगतो. आता ते काम वेळापत्रकवाले करतात म्हणायचे. शपथेचं काय केलंस मग? त्यांनाही सांगून टाकलंस का कानाचं?

चीजचं नाक कापणार्‍या माणसाला माझ्या हातची कडी मिळणार नाही. लेओपोलने आजवर चीजचं नाक कापलेलं नाही.

फिर्मां


मोंब्रेल, ९ ऑक्टोबर १९७७

प्रिय फिर्मां,

बोटांना कोमट मिठाच्या पाण्यात ठेव. कडीचं आणि खुंटीचं नंतर पाहू, इकडे भलतंच घडलंय. गावात सिनेमाची मंडळी उतरलीत!

दिग्दर्शन करणारी पोर सत्तावीस वर्षांची आहे, क्लेमांस तिचं नाव, आणि वडिलांचा वाटावा असा स्वेटर घालते. सिनेमा विनोदी आहे असं ती म्हणते. मी गोष्ट ऐकली, मला कुठे हसायचं ते कळलं नाही. एक परका माणूस गावात येतो. ओळख ना पाळख. सामावून घ्यावं म्हणून तो एका म्हातार्‍याला जाऊन सांगतो, मी तुझा लहानपणचा मित्र. म्हातार्‍याला काही तो आठवत नाही, पण जिवलग मित्राला विसरलो हे कबूल करायची त्याला लाज वाटते. मग तोही म्हणतो, अरे, किती वर्षांनी! आणि दोघं मिळून कधी न घडलेल्या आठवणी काढत बसतात. आहे की नाही चक्रम?

म्हातार्‍याचं काम करायला पॅरिसहून नट आला होता. त्याने दोन दिवस रोझलीनबाईचं मॉर्तोचं सॉसेज खाल्लं, तिसर्‍या दिवशी आजारी पडून परत गेला. पोरीने खाणावळीत नजर फिरवली आणि बोट माझ्यावर ठेवलं. आणि त्या खोट्या मित्राच्या कामाला, ओळख बघू? आपले इपोलित. परका दिसायला त्यांना काही करावं लागत नाही.

ती म्हणते माझं काम असामान्य आहे. इपोलित बाकावर माझ्या शेजारी बसून काही बोलतात, मी समोर डोंगराकडे बघत राहतो, मग बर्‍याच वेळाने म्हणतो, 'हो, हो, तसंच होतं ते.' कॅमेर्‍यामागची माणसं तोंडात मूठ घालून हसतात. पोर म्हणाली, अशी शांतता शिकवून येत नाही. मी म्हटलं, नाही येत.

कधी न घडलेली आठवण तिला लिहिता येत नव्हती, तेव्हा मी आपली कोटाची दिली. एकतीस सालचा जत्रेतला नाच, दोघांत मिळून एकच बरा कोट, अर्धा तास तू आत आणि मी तबेल्यामागे शर्टावर कुडकुडत, मग उलट. तिला इतकी आवडली की कोट खरोखरच कपाटातून काढायला लावला. इपोलितना अंगात अगदी बेतून शिवल्यासारखा बसला.

आन्सेल्म


रूबे, १४ ऑक्टोबर १९७७

आन्सेल्म,

तो कोट माझा होता. तुझ्या कपाटात राहिला कारण तुझं कपाट कोरडं. माझ्या बापाने पैसे दिले, माझ्या आईने बाही सांधली, आणि तुला तो घालायला मिळाला कारण मी अंगातून काढून दिला. ती आठवणही माझी होती. निदान अर्धी.

लोक भांडी उसनी देतात, शिडी देतात. मित्र उसना दिलेला मी अजून पाहिला नव्हता. तू तर मला परस्पर वाटून टाकलंस. खुर्ची दिलीस, कान दिलास, कोट दिलास, नाच दिलास. माझ्यात उरलं काय? कमरेत बसवलेला लोखंडी खिळा तेवढा राहिला, तो हवा असेल तर पार्सलने पाठवतो.

मी जळतोय. बेर्नादेतने विचारलं, बाबा, काय होतंय, तर तिला पोटात वात धरलाय म्हणून सांगितलं. तुला खरं सांगतो. या वयात, एका वेळापत्रकवाल्यावर, मी जळून कोळसा झालोय.

पुढचं पत्र लिहू नकोस.

फिर्मां


मोंब्रेल, २० डिसेंबर १९७७

प्रिय फिर्मां,

लिहू नकोस म्हणालास म्हणून दोन महिने लिहिलं नाही. आता नाताळ आला. नाताळच्या पत्राला मनाई चालत नाही.

सिनेमावाले गेले. जाताना चौकातलं कारंजं पुसून गेले, एवढं मात्र चांगलं केलं. सिनेमा वसंतात पुरा होईल, आणि पहिल्यांदा आपल्याच गावात, सभागृहात दाखवणार आहेत.

एक गोष्ट तुझ्या कानावर दुसर्‍या कुणाकडून येण्यापेक्षा मीच घालतो. सिनेमातल्या त्या खोट्या मित्राचं नाव फिर्मां ठेवलंय. आधी काहीतरी दुसरं होतं, ते बदललं. असं का झालं ते पत्रात नीट लिहिता येणार नाही. रागावू नकोस.

गुरुवारी आम्ही बाराजण असतो. रोझलीनबाई तुझी आठवण काढते. कबुतरं थंडीत उडतात का रे?

आन्सेल्म

ता. क. उत्तर आलं नाही तर मी समजेन की टपाल तुंबलंय.


मोंब्रेल, १६ फेब्रुवारी १९७८

सन्माननीय फिर्मां महाशय,

आपली ओळख नाही, तरी हे पत्र लिहिण्याचं धाडस करतो. तुमचा पत्ता मी टपालकचेरीत विचारून घेतला. आन्सेल्मना याची कल्पना नाही.

माझ्यामुळे तुमच्या दोघांतला पत्रव्यवहार थांबला, असं रोझलीनबाई म्हणाल्या. आन्सेल्म रोज साडेदहाला, टपाल यायच्या वेळेला, चौकात उभे असतात. पोस्टमन नाही म्हणून मान हलवतो. मग ते हवा पाहायला आल्यासारखं आभाळाकडे बघतात आणि घरी जातात. मी आठ आठवडे हे पाहतोय. गाडी रद्द झाली असेल तर स्टेशनवर तसा फलक लावायचा असतो, असं आम्हाला नोकरीत शिकवलं होतं. म्हणून विचारतो. तुम्ही येणार नसाल तर त्यांना तसं कळवा.

आता माझ्याबद्दल. तुम्हाला माझा राग आहे असं कळतं. खरं सांगायचं तर मलाच तुमचा फार हेवा वाटतो. या गावात तुम्ही नाही असं ठिकाणच नाही. जिन्याचा कठडा फिर्मांने कातलेला, घंटेची मूठ फिर्मांची, पोरांचे भोवरे फिर्मांचे. गुरुवारी बारा वाजून दहा मिनिटांनी सगळे बसतात. आन्सेल्मच्या उजवीकडची खुर्ची रिकामी असते. समोर ताट नसतं, पण आन्सेल्म स्वतः भिंतीवरून तुमची कडी काढतात, तिच्यात धुतलेला रुमाल गुंडाळून घालतात आणि त्या जागी ठेवतात. जेवण झालं की रुमाल काढून कडी परत खुंटीवर. जुलैत एकदा मी नुसतं वाचायला म्हणून ती उचलली, तर रोझलीनबाईंनी डावाने माझ्या बोटांवर मारलं. सुपासकट.

मी डावीकडे बसतो. शेगडी आणि आन्सेल्म यांच्या मध्ये माझ्यासाठी एक स्टूल सारलंय. आन्सेल्म फार कमी बोलतात. मीच बोलतो. आठ महिन्यांत मी त्यांना माझ्या बायकोबद्दल सगळं सांगितलं, ती शेवटी कशी गेली तेही. इतकं मी कुणाला सांगितलेलं नाही. ते समोर पाहतात आणि मान हलवतात. असं शांतपणे ऐकून घेणारा माणूस मला जन्मात भेटला नव्हता.

सिनेमाचंही सांगतो, कारण ते आन्सेल्म सांगणार नाहीत. माझ्या पात्राचं नाव 'गास्पार' होतं. शेवटच्या प्रसंगात, तो सुरुवातीलाच घेतला होता, मी तो कोट घालून दारातून येतो आणि त्यांनी फक्त म्हणायचं, 'ये गास्पार, बस.' ते म्हणाले, 'ये फिर्मां, बस.' पुन्हा घेतलं. पुन्हा फिर्मां. नऊ वेळा घेतलं, महाशय. नवव्या वेळी ते नाव बरोबर म्हणायला लागले आणि मधेच थांबले, आणि त्यांनी खिशातला रुमाल काढला. त्या मुलीने कॅमेरा बंद करायला सांगितला. म्हणाली, सिनेमाभर नाव फिर्मांच ठेवू, सोपं आहे. त्या दिवसापासून मी चार आठवडे तुमच्या नावाला ओ दिली.

लोक चांगले आहेत. दोन मुक्यांवर थांबायला मीही शिकलो. चीज आता कडेने कापतो. पण मी गावात येऊन जे मिळवलं ते तुमचं सोंग आहे. कडीचं मीच बोललो होतो रोझलीनबाईंना. मला खुंटी नको होती. मी कडी खिशात ठेवली असती आणि गुरुवारी घेऊन आलो असतो. पण तुमची बोटं सुजलीत असं कळलं, तेव्हा तो विषय राहू दे.

सिनेमा २७ एप्रिलला दाखवणार आहेत. तेव्हा तुम्ही परत आलात तर आपण तेरा होऊ. गावाची रीत मला आता माहीत आहे. तुमच्या येण्याच्या आधी दोन दिवस कळवलंत, तर मी त्या गुरुवारी घरी जेवेन. तशी अडचण नाही.

आपला नम्र,
इपोलित


रूबे, १० एप्रिल १९७८

आन्सेल्म, गाढवा,

बोटं सुजलेली नव्हती. जावयाच्या गॅरेजमध्ये लेथ आहे, त्यावर मी लेओपोलच्या कबुतरांच्या बसायच्या काठ्यासुद्धा कातून दिल्या. सप्टेंबरातच तुझ्या इपोलितसाठी एक कडी केली होती. मुद्दाम भोक इतकं बारीक ठेवलं की त्यातून रुमाल सोड, बुटाची नाडी गेली नसती. भर टेबलावर तो रुमाल कोंबत बसेल आणि सगळे हसतील असं वाटलं होतं. मग स्वतःचीच लाज वाटली आणि ती शेगडीत टाकली. या हातांनी इतकं वाईट लाकूड कधी कातलं नव्हतं.

इपोलितचं पत्र आलं. तुला माहीत नाही, आणि माहीत झालं असं दाखवूही नकोस. पण मला एका गोष्टीचं उत्तर दे. तू त्याला डावीकडे बसवलंस?

मी इकडे सहा महिने जळतोय. तुम्ही दोघं कसे हसत असाल, तो तुझ्या कानाशी लागून कसा सांगत असेल, तू कशी टाळी देत असशील. आणि तिकडे एक माणूस आठ महिने त्या मेलेल्या कानात आपली बायको सांगतोय! तिचं मरण सांगतोय, आणि तू डोंगराकडे बघून मान हलवतोस. त्याला वाटतं तुझ्याइतका समजूतदार माणूस जगात नाही. वर सिनेमावाली म्हणते असामान्य शांतता! मी ते वाचून आधी इतका हसलो की कमरेतला खिळा दुखला, आणि मग बेर्नादेतला पुन्हा वात सांगावा लागला.

'शेजारी बसतात' एवढंच लिहून थांबलास. पुढचं सांगायला काय झालं होतं? मी जळावं म्हणूनच ना? कबुतरांची तीन पानं तुला इतकी झोंबली? तर ऐक, मीही त्याचसाठी लिहिली होती. लेओपोल दिवसभरात दहा शब्द बोलतो, त्यातले आठ कबुतरांशी.

मी येतोय. २७ तारखेला गुरुवार आहे, संध्याकाळी सिनेमा आहे, दुपारी जेवण आहे. दोन्हीला मी असणार. इपोलितने त्या दिवशी घरी जेवायचं नाही, हे त्याला तू सांग. या पार्सलमध्ये त्याची कडी आहे. पिवळं लाकूड मी बेसांसोंहून मागवलं. अक्षरं गोलसर कोरलीत. भोक व्यवस्थित आहे.

तेरा होतात हे मलाही मोजता येतं. म्हणून पार्सलमध्ये दुसरी कडी आहे, तिच्यावर नाव रोझलीन. बत्तीस वर्षं ती आपल्याला उभ्याने वाढतेय आणि आपल्यापैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही की बाईला बसायला सांगावं. ती बसली की चौदा. चौदाला कुणी मरत नाही. सूप टेबलाच्या मध्यावर ठेवा आणि ज्याचं त्याने वाढून घ्या. सोबत दोन खुंट्याही पाठवतोय. शिडी पुन्हा तू धर, आणि वाकडी जातेय असं म्हणू नकोस.

खुर्चीचं मात्र स्पष्ट सांगतो. मी येईन त्या गुरुवारी तुझ्या उजवीकडे मी. कोट घालून येणार आहे, तो झटकून ठेव. त्यावर बोलणं नाही.

पण माझी गाडी सोमवारी परत आहे. बेर्नादेतला मी शब्द दिलाय, आणि ही कंबर तिकडचे जिने चढणार नाही. वर्षात दोनदा येईन, फार तर तीनदा. बाकीचे गुरुवार उरतात. त्या गुरुवारी इपोलितला उजवीकडे घे. हे कानामुळे आहे ते त्याला सांगू नकोस, शपथ मोडायची नाही. म्हण की शेगडीची धग लागते. आणि मग त्याला म्हण, तुमच्या बायकोचं काय झालं ते पुन्हा एकदा सांगा. बिचारा पुन्हा पहिल्यापासून सांगेल, तू ऐक. सगळं ऐक.

त्याने काही विनोद केला तर हसायलाही हरकत नाही.

फार मोठ्याने मात्र नको.

फिर्मां